पन्नास हजार व्होल्ट आणि पंधरा सेंटिमीटर तार

हल्लीच्या घरांत मेन स्विचच्या पेटीत एक आरसीसीबी असतो. जुने वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. त्यावर एक छोटं बटण असतं, ‘टी’ अक्षर छापलेलं. ते दाबलं की घरातली वीज गेली पाहिजे. गेली, तर समजायचं की कुणाला शॉक बसला आणि ३० मिलिअँपिअर करंट अंगातून जमिनीत जायला लागला, तर हा स्विच पडेल. बटण नियमाने दाबून बघणारी घरं मला फार थोडी भेटली आहेत. संरक्षण देणाऱ्या सगळ्याच सर्किटांचं हे असं आहे. वर्षानुवर्षं त्यांना काही काम नसतं, आणि काम पडतं तेव्हा पहिल्याच वेळी जमावं लागतं.

मी ज्या पॉवर सप्लायवर काम करते त्यांना असं बटण नसतं. तिथे ५० हजार व्होल्ट असतात. त्यांचं संरक्षण खरंच चालतं का हे बघायचं तर एक पक्का मार्ग आहे. भर ५० हजार व्होल्टवर आपणच मुद्दाम शॉर्ट करायचा, आणि त्या शॉर्टच्या वाटेत केसासारखी बारीक तांब्याची तार बांधून ठेवायची. संरक्षण वेळेत धावलं तर तार शाबूत राहते, नाहीतर जागच्या जागी उडून जाते. आमच्यात याला ‘वायर टेस्ट’ किंवा ‘वायर बर्न टेस्ट’ म्हणतात. ऐकायला ती गावठी वाटते. पण कोट्यवधींच्या यंत्रांच्या करारांत आजही ही चाचणी लिहिलेली असते. तिच्यात एवढं काय आहे, ते या लेखात सांगते.

नळीच्या पोटातली ठिणगी

एवढे व्होल्ट लागतात कशाला? मोठ्या ताकदीच्या रेडिओ लहरी तयार करणाऱ्या निर्वात नळ्यांना. वॅरियन बंधूंनी अमेरिकेत स्टॅनफर्डला १९३७ साली क्लायस्ट्रॉन नावाची नळी तयार केली. तिची वारस मंडळी आज रडारमध्ये आणि कणांना वेग देणाऱ्या यंत्रांत काम करतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात लेहिपा नावाचा प्रोटॉन त्वरक आहे, त्याला मेगावॅट ताकदीचे क्लायस्ट्रॉन लागतात. मोठ्या रेडिओ ट्रान्समीटरांत टेट्रोड नावाच्या नळ्या असत, काही ठिकाणी अजून आहेत. नळी कुठलीही असो, आत निर्वात पोकळी असते आणि काही सेंटिमीटर अंतरावरच्या धातूच्या दोन भागांमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो.

त्या पोकळीत अधूनमधून ठिणगी पडतेच. धातूच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारं एखादं टोक राहिलेलं असतं, कुठे अडकलेला वायू सुटतो, टोक तापून त्याची वाफ होते, आणि त्या वाफेतून करंट वाहायला लागतो. याला आर्क म्हणतात. नवी नळी तर सुरुवातीला बऱ्याचदा ‘ठिणगते’. म्हणून तिला एकदम पूर्ण व्होल्टेज देत नाहीत. दाब हळूहळू चढवत तिला सरावाला लावतात, त्याला कंडिशनिंग म्हणतात. आर्क हा अपघात आहे असं कुणी समजू नये. तो नळीच्या आयुष्याचा भाग आहे. प्रश्न इतकाच, की एका आर्कमध्ये नळीच्या आत किती ऊर्जा ओतली गेली.

नळी बनवणारे त्याची मर्यादा घालून देतात. मोठ्या नळ्यांसाठी १० ज्यूल हा आकडा नेहमी दिसतो. १० ज्यूल म्हणजे लिटरभर दुधाची पिशवी जमिनीवरून मीटरभर उचलायला लागते तेवढी ऊर्जा. माणसाला ती किरकोळ. पण सुईच्या टोकाएवढ्या जागी, डोळ्याची पापणी लवायच्या आत ती सोडली तर धातूला खळगा पडतो, कॅथोडचा लेप उडतो, आतली निर्वात अवस्था बिघडते. असे पाच-दहा घाव झाले की लाखोंची नळी भंगारात जाते.

पहार

आता हिशेबासाठी एक सप्लाय डोळ्यांसमोर आणू आणि शेवटपर्यंत तोच धरू. ५० किलोव्होल्ट, १० अँपिअर. आउटपुटला २ मायक्रोफॅरडची कपॅसिटर बँक, म्हणजे विद्युतभार साठवून ठेवणाऱ्या घटकांचा संच. नळीकडे जाणाऱ्या वाटेत ५० ओहमचा रेझिस्टर, करंटला लगाम म्हणून. नळीत आर्क पडला की कपॅसिटरमधला साठा धावत सुटतो आणि पहिल्या क्षणी करंट होतो ५० हजार भागिले ५०, म्हणजे १००० अँपिअर.

कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा भरते २५०० ज्यूल. मर्यादा १० ची आणि साठा २५०० चा, हे पाहून नव्या मुलांना घाम फुटतो. पण सगळी ऊर्जा नळीत जात नाही. आर्क एकदा पेटला की त्याच्या दोन टोकांमध्ये फार थोडे व्होल्ट उरतात. आपण १०० धरू. कपॅसिटरमधला एकूण विद्युतभार ०.१ कूलंब. १०० व्होल्ट गुणिले ०.१ कूलंब, म्हणजे १० ज्यूल. बाकीची सगळी ऊर्जा तो ५० ओहमचा रेझिस्टर उष्णता म्हणून पोटात घेतो. म्हणजे कपॅसिटर एकटा असता तर नळी काठावर का होईना, वाचली असती.

खरा घात मागून येतो. कपॅसिटर रिकामा झाला तरी त्याच्यामागे ट्रान्सफॉर्मर आहे आणि ट्रान्सफॉर्मरच्या मागे ग्रिड. आउटपुट शॉर्ट झाल्यावर आपला सप्लाय सुमारे १०० अँपिअर ढकलत राहतो. मेन ब्रेकरला ट्रिपचा हुकूम लगेच मिळतो, पण त्याचे संपर्क यांत्रिक असतात. ते सुटेपर्यंत ८० मिलिसेकंद सहज जातात. १०० अँपिअर गुणिले ०.०८ सेकंद, म्हणजे ८ कूलंब. गुणिले १०० व्होल्ट, म्हणजे ८०० ज्यूल. दुधाच्या ८० पिशव्या, त्याच सुईच्या टोकावर.

यावरचा जुना आणि रांगडा उपाय म्हणजे क्रोबार. क्रोबार म्हणजे पहार. नाव अगदी शब्दशः आहे: दोन जाड पट्ट्यांवर लोखंडी पहार आडवी टाकली की जे होईल ते मुद्दाम करायचं. नळीच्या समांतर, सप्लायच्या तोंडाशीच, दुसरा आणि फार सोपा शॉर्ट तयार करायचा. पाटाचं पाणी रोपांच्या वाफ्यात भसाभसा घुसलं तर दारं धरणारा माणूस वाफ्यापाशी बसून बांध घालत नाही. तो वर धावतो आणि पाणी ओढ्याकडे मोडून देतो. क्रोबारची वाट २ ओहमची असेल तर ५२ भागांतले ५० भाग करंट तिकडे जातो आणि नळीतला आर्क उपासमारीने विझतो.

पहार म्हणून पूर्वी इग्निट्रॉन वापरत, पाऱ्याचं तळं असलेली नळी, वेस्टिंगहाउसच्या जोसेफ स्लेपियन यांनी १९३० च्या दशकात आणलेली. नंतर थायराट्रॉन, म्हणजे वायू भरलेली, टोचलं की पेटणारी नळी, काही ठिकाणी साधी दोन गोळ्यांची ठिणगीची फट, अलीकडे एकावर एक रचलेले थायरिस्टर, म्हणजे सिलिकॉनचे स्विच. साधन बदललं तरी क्रम तोच. करंट अचानक वाढला हे सेन्सरला कळतं, तुलना करणारं सर्किट ‘मर्यादा ओलांडली’ म्हणतं, ऑप्टिकल फायबरवरून इशारा जातो, ट्रिगर युनिट क्रोबारला टोचतं, क्रोबार वाहायला लागतो. हे सगळं मिळून ५ मायक्रोसेकंद किंवा त्याहून कमी. आणि त्यानंतर ब्रेकर सुटेपर्यंतचे ८० मिलिसेकंद क्रोबारने तग धरायचा. हा दुसरा भाग लोक विसरतात. त्याबद्दल पुढे माझ्याच अनुभवातली एक गोष्ट सांगणार आहे.

तार काय मोजते

तारेची निवड अंदाजाने करत नाहीत. तांब्याचा एक ग्रॅम खोलीच्या तापमानापासून वितळेपर्यंत न्यायला साधारण ६५० ज्यूल लागतात. रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी ४० गेजची एनॅमल तार घ्या, जाडी ०.१२ मिलिमीटर. तिचा १५ सेंटिमीटरचा तुकडा, म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीएवढा, भरतो सुमारे १६ मिलिग्रॅम. १६ मिलिग्रॅम तांबं वितळायला लागतात जवळपास १० ज्यूल. आपल्या नळीची मर्यादा तेवढीच होती.

पण फक्त लांबी सांगून भागत नाही, जाडीही सांगावी लागते, आणि इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. तार तापते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. म्हणून ‘करंटचा वर्ग गुणिले वेळ’ हा आकडा आम्ही वापरतो, कारखान्यात त्याला ‘आय स्क्वेअर टी’ म्हणतात. एका जाडीची तांब्याची तार एका ठराविक आय स्क्वेअर टीला वितळते. लांबी १५ सेंटिमीटर असो की १५ मीटर, हा आकडा बदलत नाही, कारण तारेच्या प्रत्येक मिलिमीटरमधून तोच करंट जातो. ४० गेजसाठी तो सुमारे ११ आहे, अँपिअरचा वर्ग गुणिले सेकंद या एककात. मग लांबी कशाला? लांबीने ठरतं की वितळेपर्यंत तारेने एकूण किती ज्यूल घेतले. जाडी उंबरठा ठरवते आणि लांबी पोटाचा आकार.

आपल्या सप्लायवर हा आकडा चालवून बघू. क्रोबार ५ मायक्रोसेकंदांत पेटला, तर तोवर तारेतून सुमारे ४.८ जातो. क्रोबार पेटला तरी कपॅसिटर त्या क्षणी रिकामा होत नाही, तो उतरेपर्यंत आणखी १.७. आणि ब्रेकर सुटेपर्यंत क्रोबारमधून न गेलेला थोडासा करंट, चारेक अँपिअर, तारेतून झिरपत राहतो, त्याचा १.२. बेरीज आठच्या आतबाहेर. अकराच्या खाली. तार वाचली. आता समजा ट्रिगर युनिट सुस्त झालंय आणि ५ ऐवजी १० मायक्रोसेकंद लागतात. पहिलाच हिस्सा नऊवर जातो आणि बेरीज अकराच्या वर. तार गेली. मधला फरक एका सेकंदाच्या दोन लाखाव्या भागाचा आहे, आणि दुकानातून ग्रॅमवर विकत घेतलेली तार तो ओळखून दाखवते. मला आजही याचं अप्रूप वाटतं.

चाचणीच्या दिवशी

तार नव्या रिळावरून घ्यायची, घडी न पडू देता. एकदा वापरलेली, वाचलेली असली तरी, परत लावायची नाही. दोन्ही टोकांचा एनॅमल बारीक पॉलिश पेपरने खरवडायचा. दोन पितळी खुंट्यांमध्ये मोजून १५ सेंटिमीटर बांधायची, थोडी ढिली. तापल्यावर तार लांबते आणि हजार अँपिअरच्या झटक्याने हलतेही. ताणून बांधलेली तार न वितळता तुटू शकते, आणि मग ती का तुटली यावर दुपार जाते.

तार नळीच्या जागी बसते, नळीच्याच टोकाला, रोजच्या वापरातल्या केबलसकट. सप्लायच्या तोंडाशी बांधून पास करून घेणारे लोक असतात, पण त्या चाचणीला अर्थ नाही. ५० मीटर कोअॅक्सिअल केबलची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड धरली तरी ५ नॅनोफॅरड होते, आणि ५० किलोव्होल्टला त्यात ६ ज्यूलहून जास्त साठा असतो. क्रोबार पलीकडच्या टोकाला आहे. १० ज्यूलच्या हिशेबातले बरेचसे या केबलच्याच पोटातून येऊ शकतात. लगाम घालणारा रेझिस्टर नळीच्या जवळ का बसवतात, याचं उत्तर इथे आहे.

तारेच्या ओळीत एक स्विच असतो, हवेच्या दाबाने किंवा वजनाने खाली येणारा. संपर्क टेकायच्या आधीच, काही मिलिमीटर अंतर उरलेलं असताना, ठिणगी उडी मारते. आपल्याला हवाय तोच प्रसंग. खोली रिकामी, दरवाज्याचे इंटरलॉक लागलेले, किल्ली एकाच माणसाच्या खिशात. व्होल्टेज चढतं. कुणीतरी मोठ्याने आकडे वाचतं. ५० म्हटल्यावर बटण.

आवाज दोन येतात, पण माणसाच्या कानाला ते एकच वाटतात. स्विचचा कोरडा फटाका आणि क्रोबारचा जड धप्पकन आवाज. लगोलग ब्रेकर पडतो. मग थांबायचं. आमच्याकडे एक ज्येष्ठ तंत्रज्ञ होते, सगळे त्यांना काका म्हणत. ते या क्षणी घड्याळाकडे बघत आणि पूर्ण दोन मिनिटं कुणालाही जागचं हलू देत नसत. मग स्वतः आत जाऊन आधी रेझिस्टर असलेला डिस्चार्ज रॉड लावत, नंतर थेट अर्थिंग रॉड अडकवत, आणि तो तिथेच लटकता ठेवत. “काढू नकोस गं, कपॅसिटर विसरत नाही,” असं मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. ते खरं आहे. मोठा कपॅसिटर रिकामा करून उघडा सोडला तर त्याच्या आतल्या पदार्थात मुरलेला भार परत वर येतो आणि टर्मिनलवर व्होल्टेज आपोआप चढतं. ५० किलोव्होल्टच्या एक टक्का परत आला तरी ५०० व्होल्ट होतात. म्हणून सुटे कपॅसिटर गोदामातसुद्धा दोन्ही टोकं तारेने जोडून ठेवतात.

त्यानंतरच तारेकडे बघायचं. आधी डोळ्यांनी, मग मल्टिमीटरने. चांगली तार ०.२ ओहमच्या आसपास दाखवते आणि मीटर बीप करतो. माझी सवय अशी, की वाचलेली तार भिंगाखाली घेऊन एनॅमलचा रंग बघायचा. लालसर चकाकी तशीच असेल तर हाताशी भरपूर जागा आहे. एनॅमल काळवंडला असेल, तार नागमोडी झाली असेल, तर पास झाली तरी मी खूष नसते. वायर टेस्टचा एक दोष आहेच: ती फक्त हो किंवा नाही म्हणते, ‘किती’ ते सांगत नाही. ते काढायचं तर तार एकेक गेज बारीक करत जायचं. आपल्या उदाहरणात ४१ गेजचा उंबरठा आठच्या जवळ आहे, ती काठावर असेल. ४२ गेजचा साडेपाच, ती जाणारच. ४० वाचते आणि ४२ जाते एवढं कळलं की सप्लाय कुठे उभा आहे ते समजलं.

स्कोपने सांगितलं नाही ते

आता ती गोष्ट. एका ठिकाणी आम्ही नवा सप्लाय तपासत होतो. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे करंट वेळेनुसार कसा बदलतो ते पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, चित्र इतकं सुरेख होतं की कुणीतरी त्याचा फोटो काढून ठेवला. आर्कचा करंट वर गेला, ४ मायक्रोसेकंदांत क्रोबारचा करंट आला, नळीच्या वाटेतला करंट खाली कोसळला. कागदावर सगळं पास. आत गेलो तर खुंट्यांमध्ये तारच नव्हती. खुंट्यांवर तांब्याचा भुरकट डाग आणि खाली दोन-तीन बारीक गोळ्या.

पुन्हा तार, पुन्हा चाचणी. तेच चित्र, तीच रिकामी जागा. चुकीच्या गेजची तार आली असेल म्हणून मायक्रोमीटरने मोजली. ती बरोबर होती. दोन दिवस आम्ही ट्रिगर युनिटला दोष देत होतो. तिसऱ्या दिवशी काकांनी स्कोपकडे बोट दाखवून विचारलं, “हे चित्र किती वेळाचं आहे?” सगळं मिळून ५० मायक्रोसेकंदांचं. “आणि ब्रेकर किती वेळाने पडतो?” ८० हजार मायक्रोसेकंदांनी. आम्ही सिनेमाचा पहिला श्वास बघून निकाल दिला होता.

स्कोपचा वेळ वाढवला, आणि डीसीही मोजू शकणारा सेन्सर बसवला, कारण आधीचा पल्स ट्रान्सफॉर्मर लांबलेला करंट दाखवतच नव्हता. तेव्हा खरं दिसलं. कपॅसिटर रिकामा होताना वायरिंगच्या इंडक्टन्समुळे करंट हेलकावे खात होता. असा एक हेलकावा शून्यातून गेला की थायराट्रॉन विझत होता. एकदा टोचलं की तो पेटतो, पण करंट शून्य झाला की पुन्हा टोचावं लागतं, आणि आमचं ट्रिगर युनिट एकदाच टोचून गप्प बसत होतं. पहार उचलली गेली होती. पुढचे ८० मिलिसेकंद १०० अँपिअर निवांत तारेतून चालले होते. वर्ग गुणिले वेळ केला तर ८०० येतात, आणि तारेची सोसायची ताकद ११ ची. ब्रेकर पडेपर्यंत ट्रिगरचे टोचे चालू ठेवायचा बदल केला आणि त्याच संध्याकाळी तार वाचली.

तेव्हापासून मी कुणालाही सांगते: आधी तार, मग स्कोप. स्कोपला आपण जिथे बघायला सांगतो तिथेच तो बघतो. तारेला सुरुवात कुठली आणि शेवट कुठला हे माहीत नसतं. तिच्यातून जे गेलं ते सगळं ती बेरजेत धरते, आपल्याला सुचलेलं आणि न सुचलेलंही.

मात्र एका ठिकाणी तारही फसवते, आणि ते कमी व्होल्टेजला. थायराट्रॉन किंवा ठिणगीची फट पूर्ण दाबावर हुकमी पेटते, पण खालच्या दाबावर कधीकधी पेटतच नाही. नळी तर कंडिशनिंगमध्ये खालच्या दाबावरच जास्त ठिणगते. म्हणून चाचणी ५ किलोव्होल्टपासून सुरू करायची असते. आता गंमत बघा. ५ किलोव्होल्टला कपॅसिटरचा हिस्सा अर्धा भरतो, मागून येणारा करंट १० अँपिअर, त्याचे ८० मिलिसेकंदांत ८. एकूण साडेआठ. म्हणजे क्रोबार अजिबात पेटला नाही तरी ४० गेजची तार वाचते, आणि सगळे टाळ्या वाजवतात. तिथे ४४ गेजची तार लावायला हवी, जिचा उंबरठा दोनच्या थोडा वर आहे, आणि क्रोबारमधला करंट स्कोपवर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय सही करायची नाही.

खोटे इशारे

संरक्षणाने नको तेव्हा धावणं हीसुद्धा डोकेदुखी आहे. हजार अँपिअर एका मायक्रोसेकंदात चढले तर मीटरभर अर्थिंगच्या तारेवरसुद्धा हजारभर व्होल्ट उभे राहतात. ‘अर्थ म्हणजे शून्य’ हे त्या क्षणापुरतं खोटं ठरतं. शेजारच्या रॅकमधलं कंट्रोल सर्किट भलतेच इशारे वाचतं, कॉम्प्युटर अडकतो, कधी दुसऱ्या सप्लायचा क्रोबार विनाकारण पेटतो. यासाठी इशारे ऑप्टिकल फायबरवरून नेतात आणि अर्थिंग रुंद तांब्याच्या पट्टीने, शक्य तितकी आखूड करतात. वारंवार खोटे ट्रिप व्हायला लागले की कुणीतरी वैतागून मर्यादा वर सरकवून ठेवतो. तो बदल नोंदवहीत येत नाही. पुढच्या वायर टेस्टला तार उडते आणि मग सगळे एकमेकांकडे बघतात.

नव्या सप्लायांत क्रोबार बऱ्याचदा नसतो. शंभरेक छोटे सप्लाय एकावर एक रचून मोठं व्होल्टेज तयार करतात, प्रत्येकात स्वतःचा आयजीबीटी नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच, आणि आर्क दिसला की सगळे एकदम काही मायक्रोसेकंदांत बंद. ब्रेकरची वाटच बघायची नाही. गांधीनगरजवळ भाट इथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत या पद्धतीवर बरंच काम झालंय. इटलीत पादुआला इटर या अणुसंमीलनाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पासाठी स्पायडर नावाचं चाचणी यंत्र आहे, त्यातल्या किरणांना वेग देणारा सुमारे १०० किलोव्होल्टचा सप्लाय भारताने पुरवला आहे. तशा यंत्रात जाळ्यांमध्ये आर्क पडणं रोजचंच असतं. सप्लायने बंद व्हायचं, क्षणभर थांबायचं, परत चढायचं, असं दिवसभर. पहार गेली, पण वायर टेस्ट गेली नाही. आयजीबीटी वेळेत बंद झाले का, आउटपुट फिल्टरमध्ये आणि केबलमध्ये काय उरलं, हे कुणीतरी मोजायला हवंच.

थायराट्रॉन बदलला, केबल बदलली, ट्रिगर कार्ड दुरुस्त होऊन आलं, की चाचणी पुन्हा. काही बदललं नसेल तरी वर्षातून एकदा. आमच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक चाचणीचं एक पान असतं. वर तारीख, व्होल्टेज, गेज आणि लांबी. खाली वाचलेली तार पारदर्शक चिकटपट्टीने लावलेली, दोन्ही टोकं खरवडलेली, मधला भाग अजून लालसर. त्या तिसऱ्या दिवसाच्या आधीच्या दोन पानांवर नुसतीच चिकटपट्टी आहे, आणि खाली काकांच्या अक्षरात लिहिलंय: तार मिळाली नाही.